बाबांचा बिल्ला

कॅरी, अमेरिका, ६ जानेवारी १९९६

ती. रत्नाताईस,
सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. लॅबमधून घरी पोचेपर्यंत अंगात काही उरत नाही. आईचे गुडघे कसे आहेत? फोनवर ती सांगतच नाही.

एक काम आहे. शाळा सुटल्यावर हर्षिताला सांभाळणाऱ्या मिस अर्नेस्टीन तुला माहीत आहेत. त्यांच्या चर्चच्या हॉलमध्ये फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी काळ्या लोकांचा, त्यांच्या वाडवडिलांचा कार्यक्रम असतो. मुलानातवंडांनी पुढे जाऊन आपल्या माणसाचं नाव आणि काम सांगायचं, त्याची एखादी वस्तू दाखवायची. मग सगळा हॉल त्या माणसासाठी उभा राहतो. हर्षिता आता आपलीच नात, असं म्हणून त्यांनी यंदा तिलाही बोलावलंय. बाबांचा कोटातला फोटो पाठव. आमच्या महाराष्ट्र मंडळाचे डॉ. प्रतापराव आणि वसुधाकाकूही येणार आहेत, तेव्हा तोच बरा. सोबत हर्षिताचं आजीला कार्ड.

आहे तो लोभ राहू दे.
तुझा देवानंद

नागपूर, २२ जानेवारी १९९६

चि. देवानंद यास अनेक आशीर्वाद आणि जयभीम.

तुझ्या पत्रांतून जयभीम कधी गेला रे? टेबलावर पडलेलं पत्र मंडळातलं कोणी वाचेल, ही तुझी भीती मला कळते. कळते म्हणूनच थकायला होतं.

आजोबा स्टेशन मास्तर होते, असं हर्षितानं कार्डात लिहिलंय. तेवढं मी आईला वाचून दाखवलं नाही. बाबा एकतीस वर्षं नागपूर स्टेशनावर हमाल होते. लोकांच्या ट्रंका डोक्यावरून वाहून त्यांनी तुला एम.एस्सी. केलं. फोटोतला कोटसुद्धा स्टुडिओवाल्याचा. साहेब, तो फोटो पाठवतेय. त्याखाली दंडावर बांधायचा पितळी बिल्लाही आहे, आईनं चिंचेनं घासून दिलाय. काय दाखवायचं ते तू ठरव. भांडायचं त्राण मला नाही, आईला उठवण्या-बसवण्यातच दिवस जातो.

हर्षिताला गोड पापा. माया आहेच, रागही आहे.
तुझी ताई

कॅरी, २ मार्च १९९६

ती. ताईस,
सविनय जयभीम.

बिल्ला मी हर्षिताला दाखवलाच नाही, खिशात ठेवला. तिनं फोटो उंच धरून आजोबा स्टेशन मास्तर होते म्हणून सांगितलं आणि दोनशे माणसं उभी राहिली. मिस अर्नेस्टीन ऐंशीच्या पुढच्या. त्या काठी टेकत, गुडघा दाबत सगळ्यांत शेवटी उठल्या. प्रतापरावांनी वळून माझ्याकडे कौतुकानं पाहिलं. ताई, ती सगळी माणसं कधीच नसलेल्या माणसासाठी उभी होती. फार लाज वाटली.

पुढे एका वकील बाईनं वडिलांचा बूटपॉलिशचा ब्रश दाखवला, त्यांनी चाळीस वर्षं वापरलेला. ते पाहून मी शेवटी पुढे गेलो. धीर आला असं नाही, खोटं सांभाळून कंटाळलो होतो. बिल्ला दाखवून सांगितलं की माझे वडील हमाल होते, जातीमुळे मी ते लपवलं, मुलीची यात चूक नाही. कोणी हललं नाही. मग मिस अर्नेस्टीननी पुन्हा काठी टेकली. या वेळी त्या पहिल्या होत्या. त्यांच्या मागे हॉल उठला. प्रतापराव अर्धे उठले आणि परत बसले. काकू पर्समध्ये काहीतरी शोधत होत्या. त्यानंतर मंडळातून कोणाचा फोन नाही.

हर्षिता गाडीत माझ्यावर खूप चिडली, तिला खोटं बोलायला लावलं म्हणून. घरी येऊन तिनं बिल्ला मागून घेतला. अजून परत दिलेला नाही.

राग गेला असेल तर कळव, नसेल तरी लिही.
देवानंद

नागपूर, १४ मार्च १९९६

चि. देवानंद यास अनेक आशीर्वाद आणि जयभीम.

तुझं पत्र आईला सगळं वाचून दाखवलं, स्टेशन मास्तरसकट. मला वाटलं रडेल. ती बिल्ल्याबद्दल बोलली नाही, तुझ्या डॉक्टरांबद्दलही नाही. आपले गुडघे चोळत बसली. मग म्हणाली, देवानंदला सांग, त्या काठीवाल्या बाईला माझा जयभीम कळव. आणि त्याला म्हणावं, तिची माफी माग. तुझ्यापायी बिचारीला दोनदा उठावं लागलं.

तुझी,
ताई