तुमच्या गाडीला एकच कार्बोरेटर

आप्पा, तुमच्या मोटरसायकलचे दोन्ही कार्बोरेटर मी काढले. आधी हेच सांगून टाकते, म्हणजे तुम्हाला काय बोलायचं ते बोलून मोकळे व्हाल. त्यांच्या जागी दोन्ही सिलिंडरना मिळून एकच बसवलाय. असं करून द्या म्हणणारं गिऱ्हाईक शिरूरच्या आपल्या गॅरेजातून कसं परत जायचं ते मला चांगलं आठवतंय. "दोन सिलिंडरला दोन कार्बोरेटर देणारा काय खुळा व्हता का?" असं म्हणून तुम्ही त्याला बसायला स्टूलसुद्धा द्यायचा नाहीत. आता तो खुळेपणा तुमच्याच लेकीनं केलाय, तोही तुमच्याच पान्यांनी. दादा चार दिवस माझ्याशी बोलला नाही. त्याला गाडी होती तशी हवी होती, पोर्चमध्ये उभी करून पाहुण्यांना दाखवायला. मला ती चालवायची होती. चौदा वर्षांपूर्वी अर्ध्या रस्त्यात बंद पडलेली गाडी दौंडला पोचवायचीच, हे मी धरून बसले होते, आणि एकदा धरलं की मी सोडत नाही.

तुमची ट्यूनिंगची पद्धत आमच्या कारखान्यात सांगितली तर लोक हसतात. रबरी नळीचं एक टोक कार्बोरेटरच्या तोंडाशी, दुसरं कानात. हा किती हवा ओढतोय, तो किती ओढतोय, नुसतं ऐकायचं आणि स्क्रू पाव फेरा इकडं, पाव फेरा तिकडं. दोन्हीकडचा आवाज एक झाला की काम झालं. तेवढ्यासाठी कोरेगाव भीमाहून माणसं यायची. पण तुमच्या मनासारखं झालं तरी तुम्ही गाडी लगेच सोडायचा नाहीत. "आपल्या हातचं कालवण आपल्याला कधी आळणी लागत न्हाई," म्हणायचात, आणि शेवटी नळी दुसऱ्याच्या कानाला लावायचात. गिऱ्हाईक असो, शेजारचा पंक्चरवाला असो, नाहीतर मी असो. त्यानं सारखं आहे म्हटलं तरच पाने पेटीत जायचे.

त्या दिवशी मी होते. दौंडच्या लेथवाल्या मामांकडं, तुमच्या जुन्या दोस्ताकडं, वास्तुशांत आहे आणि तुम्ही गाडीनं निघालाय. मला कोरेगावला मुलाखतीला जायचंय. डेपोतून एसटी सुटायला दहा मिनिटं उरलीत, फाईल काखेत आहे, आणि तुम्ही नळी हातात देता. तुम्ही वाकून नळीचं टोक उजवीकडून डावीकडं नेता, तेव्हा माझ्याकडचं टोक कानापासून कधीच खाली आलेलं आहे. "नीट ऐक. सारखं हाय का?" तुम्ही विचारता. "व्हय आप्पा, सारखं हाय," मी म्हणते आणि पळते. मांडवगणच्या पुढं डावा पिस्टन जाम झाला, मागचं चाक जागच्या जागी अडकलं आणि तुम्ही पडलात. कोपर सोललं, गुडघा सुजला. टेंपोतून गाडी आणि तुम्ही बरोबरच घरी आलात.

दुसऱ्या दिवशी तुम्ही इंजिनाचं हेड उघडलंत. डाव्या बाजूला हवा जास्त झाली होती, पेट्रोल कमी पडलं होतं, पिस्टन तापून चिकटला होता. तुम्ही मला हाक मारलीत आणि अगदी शांतपणे विचारलंत, "काल तुला खरंच सारखं लागलं व्हतं?" तेव्हा तरी खरं बोलायचं. पण न ऐकता हो म्हटलं हे उघडं पडेल, तुमचं पडणं माझ्या माथी येईल, या धास्तीनं मी म्हणाले, "डावीकडं जरा वेगळं वाटलं होतं आप्पा. पण तुम्ही केलंय म्हणून बोलले नाही." "तुला कळलं आन् मला न्हाई कळलं. म्हंजी माझा कान गेला," एवढंच बोललात. त्यानंतर तुम्ही कुणाच्याही गाडीला नळी लावली नाहीत. आलेल्याला परत पाठवताना मात्र सांगायचात, "आमच्या पोरीचा कान बघा, तिला आधी कळलं." ते ऐकून मी आत निघून जायची. लोकांना वाटायचं, पोरगी लाजली.

मागच्या थंडीत मी एका कार्बोरेटरसाठी मॅनिफोल्ड करून घ्यायला मामांकडं गेले. एकीकडून एक तोंड, दुसरीकडं दोन, असा ॲल्युमिनियमचा तुकडा. मापासाठी इंजिन आणि कार्बोरेटर यांच्यामधली जुनी रबरं काढून नेली होती. मामांनी डावीकडचं रबर अंगठ्यानं वाकवलं तर क्लिपच्या खाली बोटभर चीर. म्हटलं, पडून पडून फाटलं असेल. मामांनी चष्मा वर केला. "न्हाई गं. आत बघ, जळक्या तेलाची काजळी बसलीय. गाडी चालत व्हती तवाची चीर हाय ही. जाग्यावर क्लिप धरून ठेवती, रस्त्यावर जोर आला की उघडती आन् हवा खाती." मी ते रबर उजेडाकडं धरून पुन्हा वाकवून बघितलं. म्हणजे त्या दिवशी निघताना तुम्ही ऐकलंत ते बरोबर होतं. कान शाबूत होता. मी मोडला तो.

मामा म्हणाले, "आता तर नवी रबरं घाल आन् दोनच ठेव. त्याचा मान हाय त्यो." दादाही तेच म्हणाला, आणि चुकीचं काही म्हणाला नाही. पण दोन कार्बोरेटरना ऐकणारा एक लागतो आणि खरं सांगणारा दुसरा लागतो. मी पहिली नाही आणि दुसरी तर नाहीच नाही. एकाच कार्बोरेटरला कुणाच्या शब्दाची गरज नसते. प्लग काढायचा आणि रंग बघायचा: पांढरा म्हणजे पेट्रोल कमी, काळा म्हणजे जास्त, बदामी म्हणजे बरोबर. पहिल्यांदा मॅनिफोल्ड फ्रेमला घासला, परत दौंडला नेऊन कानस मारून आणला. मग पेट्रोल किती सोडायचं ते ठरवणारे बारके जेट बदलत बसले. न्हावऱ्यापर्यंत जायचं, रस्त्याकडेला प्लग काढायचा. पांढरा. परत. काळा. परत. चौथ्या जेटला दोन्ही प्लग बदामी निघाले. वरच्या वेगाला ती थोडी मार खाते, तुमच्यापासून लपवत नाही. गेल्या रविवारी मांडवगण मागं टाकलं, कुठंही न थांबता भीमेचा पूल ओलांडला आणि मामांच्या दारात जाऊन चावी फिरवली. मामा तिच्याभोवती एक चक्कर मारून आले आणि म्हणाले, "च्या घे."

हे काही पोस्टात पडणार नाही, म्हणून उरलेलंही लिहिते. गाडीवरून पडल्यानंतर तुम्ही आठ वर्षं होतात, आणि मला सांगता आलं असतं. पहिलं वर्ष भीतीनं गप्प राहिले, ते खरं. पण मग तुम्ही दुपारी घरी यायला लागलात. स्वयंपाकघरात माझ्यासमोर बसून मेथी निवडायचात, कारखान्यात आज काय झालं ते विचारायचात, तुमच्या तरुणपणातलं कायबाय सांगायचात. त्याआधी वीस वर्षांत आपलं बोलणं म्हणजे बारा नंबरचा पाना दे, कापड दे. तुमचा कान चांगला आहे एवढं मी म्हटलं असतं, तर दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही गॅरेजवर परत गेला असता. मला तुम्ही घरी हवे होतात, आप्पा.