शिडी धरण्याबाबत

मी, खाली सही करणारी, शिडीवाल्यांची थोरली सून, वय एकाहत्तर, राहणार कारखान्यामागच्या घरात, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे, तसा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. छातीबद्दल मात्र त्यांनी तसं काही लिहून दिलं नाही, म्हणून ही घाई. माझ्यावर कोणाचं दडपण नाही. ज्यांचं होतं ते माझे यजमान, त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली.

मजकूर वकीलबाईंना दाखवला. काही अटी कोर्टात टिकतील असं सांगवत नाही, म्हणाल्या. मी म्हटलं, कोर्टात टिकोत न टिकोत, घरात टिकल्या की झालं.

१. राहतं घर पुतण्याला द्यावं. आमचं पटत नाही हे जगजाहीर आहे. पण लहानपणी तो माझ्याच हातचं जेवायचा, आणि लावलेली माया काढून घेता येत नाही. स्वयंपाकघराचा कोपरा गळतो, तेवढा आधी दुरुस्त करावा.

२. बँकेत जे असेल ते शेजारच्या शिंपीणबाईंना. माझा मुलगा गेला त्या वर्षी गावभरचे लोक येऊन मला धीर देऊन गेले. ही बाई आपलं काम घेऊन यायची, माझ्याजवळ बसून काजं-बटणं करायची आणि संध्याकाळी उठून जायची. एकदाही म्हणाली नाही की, जे झालं ते झालं. तिचे उपकार फिटायचे नाहीत, पण पडलेले दात तरी बसवून होतील.

३. नणंदबाईंना माझी जाड रजई. मुलगा गेला तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, घराण्याचं नाव राखून गेला पोर. तेव्हापासून मी त्यांच्याशी कामापुरतं बोलते. पण त्यांना गारठा सोसत नाही. भांडण आपल्या जागी, थंडी आपल्या जागी.

४. आता कारखान्यातला माझा निम्मा हिस्सा. इथे सविस्तर लिहावं लागेल, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल म्हातारी चळली.

आमच्याकडे लाकडी शिड्या होतात. उंच शिडी गिऱ्हाइकाकडे पोचवली की घरचं एक माणूस सगळ्यांदेखत टोकापर्यंत चढून दाखवतं, आणि ते चढत असताना खाली शिडी कोणी धरायची नाही. धरली तर आपल्याच कामावर आपला भरवसा नाही असा अर्थ होतो, म्हणे. ही चार पिढ्यांची रीत. पगारी कामगार चढला तर दोघं दोघं धरतात. मरायचा मान तेवढा घरच्यांचा.

माझ्या मुलाला सगळे खारू म्हणत. तो चालायच्या आधी चढायला शिकला. ओटा, कपाट, बापाचे खांदे, काही सोडलं नाही. गळा भसाडा, तरी चढताना गाणं म्हणायचा, आणि वर पोचला की खाली बघून आधी मला शोधायचा. त्याच्या लग्नाचं बोलणं चाललं होतं.

नाट्यगृहात दिवे लावायला शिडी हवी होती. तेवढी उंच शिडी आम्ही आधी केली नव्हती. मी डबा घेऊन तिथे गेले होते. रंगमंचाची लाकडी जमीन त्याच सकाळी मेण लावून घासलेली. नाट्यगृहाचे व्यवस्थापक परके, पण शहाणे. ते शिडी धरायला पुढे झाले. माझे यजमान म्हणाले, "राहू द्या साहेब. आमच्यात धरत नाहीत." बिचारे मागे सरले. सासरे हाताची घडी घालून उभे, त्यांच्या शेजारी माझे दीर. खारू चढला. तो निम्म्याच्या वर गेला आणि शिडीचा पाय मेणावरून सरकताना मला दिसला. मी धावले. यजमानांनी माझं मनगट घट्ट धरलं. "लोक बघतायत," म्हणाले. त्यांनी मनगट सोडलं तेव्हा धरण्यासारखं काही उरलं नव्हतं.

सासरे आधी शिडीजवळ गेले. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. तिच्या पायऱ्यांवरून हात फिरवला, म्हणाले एकही हललेली नाही, आणि मग नातवाकडे वळले.

पुढच्या हिवाळ्यात सासूबाई भाजी निवडता निवडता मला सांगू लागल्या, त्यांना त्यांच्या सासूने सांगितलेलं. कारखाना काढला तो दोघा भावांनी. एका सकाळी खिडकीजवळच्या खाटेवर कोणी झोपायचं यावरून त्यांचं भांडण झालं. त्याच दिवशी गिऱ्हाईक आलं. थोरला शिडीवर चढला आणि धाकटा गाल फुगवून बाजूला उभा राहिला, धरेचना. गिऱ्हाइकाने विचारलं, हे का धरत नाहीत? चारचौघांत शोभा नको म्हणून थोरला वरून बोलला, आमची शिडी धरावी लागत नाही. गिऱ्हाईक खूश झालं, दोन शिड्या घेऊन गेलं. बस. एवढीच ती रीत. एका माणसाचा रुसवा.

मी विचारलं, हे आधी का नाही सांगितलंत? सासूबाई म्हणाल्या, पुरुषांना वाईट वाटलं असतं. त्यांना मी माफ केलेलं नाही, आणि आता करायला वेळही नाही.

मी ते यजमानांना सांगितलं. ते रंध्याचं पातं पुसत होते. म्हणाले, "असेलही. पण आता ती रीत आहे." माझा संसार त्या वाक्याला संपला. पुढे मी भाकऱ्या थापल्या, दुखण्यात त्यांची सेवा केली, ते गेले तेव्हा रडलेसुद्धा. पण संपला तो तेव्हाच.

आता दिरांची नात, आमची ठमी, हिची पाळी आहे. वाचनालयाची शिडी तयार होत आली आहे आणि पुतण्याने, म्हणजे तिच्या बापाने, तिचं नाव ठरवलं आहे. मुलगी पहिल्यांदाच चढणार, याचंच घरात कौतुक. मी समजावायला गेले तर पुतण्या म्हणाला, काकू, लोक तेच बघायला येतात. पोरगीही हट्टाला पेटली आहे. "मोठी आजी, मी भीत नाही गं," म्हणते. अगं बाई, खारू तरी कुठे भीत होता?

म्हणून माझा निम्मा हिस्सा ठमीला द्यावा, पण ती चढेल तेव्हा शिडी खालून धरलेली असली पाहिजे. वाचनालयातही आणि पुढेही, ती असो की दुसरं कोणी. एकदा जरी घरचं माणूस न धरलेल्या शिडीवर चढलं, तर माझा हिस्सा त्याच दिवशी चौकातल्या ॲल्युमिनियमवाल्याला विकावा. तो टपूनच बसला आहे. घराण्याच्या नावाला बट्टा लागेल असं कोणी म्हणेल. लागू दे की. तो धुता येतो.

५. नाट्यगृहातली ती शिडी यजमानांनी परत आणून कारखान्याच्या भिंतीवर टांगली. एवढं होऊन पायरी हलली नाही, असं आजही गिऱ्हाइकांना दाखवतात. रोज तिच्याखालून जाऊन मी चहा दिला आहे. ती उतरवून करवतीने तुकडे करावेत आणि जाळून टाकावी. चांगलं लाकूड आहे म्हणून स्टूल-बिल करत बसू नये.

६. खारूचं घड्याळ नाट्यगृहाच्या व्यवस्थापकांना. ते अजून अधूनमधून येतात, चहा घेतात, आणि जाताना दारात म्हणतात, बाई, मी ऐकायला नको होतं. त्यांना सांगावं की पुढे आलेले तेवढे तुम्हीच होतात.

७. साक्षीला डॉक्टर आहेत आणि माझे दीर आहेत. भाऊजी त्या दिवसाबद्दल आजवर एक अक्षर बोललेले नाहीत, ना माझ्याशी, ना स्वतःच्या मुलाशी. मुलगा त्यांच्या शब्दाबाहेर नाही, पण त्यांचा शब्दच फुटत नाही. हिस्सा ठमीला जातो, त्यांना स्वतःला काही नाही, तेव्हा कायद्याने त्यांची साक्ष चालते असं वकीलबाई म्हणाल्या. त्यांनी सगळं वाचल्याशिवाय सही करू नये, एवढी विनंती.

हे सर्व मी राजीखुशीने लिहिलं. राजी आहे. खुशीचं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं.

स्थळ: कारखान्यामागचं घर
दिनांक: ९ फेब्रुवारी

लिहून ठेवणार: (सही) थोरली सून

साक्षीदार पहिला: (सही) डॉक्टर. बाईंनी माझ्यासमोर सही केली.

साक्षीदार दुसरा: (सही) धाकटा दीर. वहिनींनी माझ्यासमोर सही केली. सगळं वाचलं. कलम सहामधलं तेवढं बरोबर नाही. शिडी सरकली तेव्हा माझाही पाय पुढे पडला होता. दादाने माझ्याकडे पाहिलं म्हणून मी तो मागे घेतला. माझा हात पोचला असता. ठमीची शिडी मी धरणार.