काळ तसा होता म्हणे

३ जानेवारी
शाळेच्या स्मरणिकेचं काम अंगावर आलं. निवृत्त उपसंपादकाला गाव दुसरं काय देणार. मजकूर १५ ला वडीगोद्रीच्या छापखान्यात.

५ जाने.
साळवे बाईंचा लेख आला. याच शाळेतून निवृत्त झाल्या. त्यांच्या दलित वस्तीनं मेलेली जनावरं ओढायला नकार दिला, गावानं ठराव करून पाणी तोडलं, आठव्या दिवशी घरं पेटवली. बाई तेव्हा तान्ह्या. लेखात कुठं आवाज चढत नाही. ठरावावर नऊ सह्या. तिसरी आमच्या दादांची, म्हणजे वडिलांची. माहीत होतं. तरीही वाचताना...
लेख पान चौदावर घेतला.

८ जाने.
सरपंच भगवानराव घरी. "भाऊ, आग लागली एवढंच लिवा ना. काळच तसा होता. मेलेल्या माणसाला आजच्या मापानं कशाला मोजून राह्यले?"
नाही म्हटलं.
"मंग सगळं गावासमोर वाचू. गाव म्हणंल ते."
कबूल.

१२ जाने.
पारावर वाचन. पान चौदा बाईंनी स्वतः वाचलं. आगीपाशी आल्या नि भगवानराव उठले, "बाई, काळच तसा होता!"
लेख अर्धाच वाचून आले होते.
"पुढचं ऐका, सरपंच." त्या आठ दिवसांत गयाबाईनं आपल्या मळ्यातल्या विहिरीवर वस्तीला पाणी भरू दिलं. नवरा आडवा आला तर म्हणाली, आधी मला ढकल.
गयाबाई म्हणजे भगवानरावांची आजी.
बाई : "काळ तर तिचाबी तोच होता ना?"
मागून एक म्हातारी : "बराबर हाय. सासूनं सांगितल्तं मला." आधी हसू, मग टाळ्या. थांबेचनात.
भगवानराव बसले. पुन्हा उठले. "आजीचं नाव मोठं टाका."
मी : "टाकू. नऊ नावंही तेवढीच मोठी."
"...टाका."
चाळीस वर्षांच्या नोकरीत इतका खूश घरी आलो नव्हतो.

१५ जाने.
मजकूर वेळेत. छापखानेवाला : "तिसरं नाव तुमच्या घरातलं दिसतंय. चूक तर न्हाई?"
बरोबर आहे म्हटलं.

२९ जाने.
स्मरणिका घेऊन जालन्याला, बाईंच्या आईकडे. घर जळाल्यापासून तिचं गावात पाऊल नाही. पान ऐकून म्हणाली, "गयाबाईची विहीर हाय का अजून?"
"आहे. पाणीही आहे. सरपंच गाडी पाठवतो म्हणालेत."
"तू कोणाचा?"
दादांचं नाव सांगितलं, पानावरचं तिसरं.
"सरपंचाची गाडी नको. तू ये न्यायला."
"कधी येऊ?"
"बघू."