उंच काठ

४ जून

पेरूचं झाड नदीत गेलं! काल उभं होतं, आज नुसती मुळं काठाबाहेर लोंबतायत. आता नदी आणि घर यांच्यात मोरी तेवढी उरली. सून म्हणते, "बाबा, शहरात चला आमच्याकडे." तिथे जाऊन काय करू? भिंती बघू?

वाटणीत उंच काठ मीच मागून घेतला. पूर चढणार नाही म्हणून. धाकट्या भावाला समोरचा सखल. नदी हीच हद्द, असं ठरलं. आता ती मला कुरतडते आणि त्याच्या अंगणात वाळू टाकते.

९ जून

धाकट्याने नावेतून भोपळा पाठवला. नव्या वाळूतला. वर पलीकडून ओरडला, "खा दादा, तुझ्याच मातीचा आहे!"

नाही चिरला. कोपऱ्यात पडलाय. बघितला की पित्त खवळतं.

१० जून

झोप नाही.

२१ जून

नदी मोजणारी बाई आली. मातीत काठीने वळण काढलं. म्हणे पाणी बाहेरच्या काठावर धडकतं, बुडातून पोखरतं. आतल्या बाजूला संथ, म्हणून गाळ बसतो. काठ कितीही उंच असो — बूडच पोकळ!

म्हटलं, म्हणजे माझी माती भाऊच खातो ना?

"नाही हो आजोबा! तुमची जाते खालच्या वळणांवर. त्यांना मिळते ती वरच्या कुणाची तरी."

इतकी वर्षं उगाच जळलो.

मग तिने मातीतल्या वळणावर, धाकट्याचं घर येतं तिथे काठी टेकवली. तिथे वळणाची दोन टोकं जवळ आलीत, मध्ये चिंचोळी पट्टी. "मोठ्या पुरात नदी एवढा वळसा घालत बसणार नाही. इथूनच घुसेल."

मला काय त्याचं.

२ जुलै

मला काय, म्हणून भागत नाही. काठावरून ओरडलो, घर हलव! धाकट्याने दात काढले. "माझी वाळू डोळ्यांत खुपते होय रे?"

१७ ऑगस्ट

पाणी गढूळ, चढतंय. पुन्हा ओरडलो. घसा बसला. त्याने नुसता हात हलवला. ऐकू आलं की 'जा' म्हणाला, देव जाणे.

१९ ऑगस्ट

दारापुढचं पाणी उभं राहिलंय, तळ्यासारखं. नदी पट्टी फोडून सरळ गेली. धाकट्याचं घर नाही.

तो माझ्या खाटेवर घोरतोय. पूर यायच्या आधीच कोंबड्या घेऊन टेकाडावर चढला होता. म्हणे, "तुझी कटकट ऐकवेना."

भोपळा चिरला.