गोल गाडीचं डावं मडगार्ड

प्रिय धाकटे,

पाकिटावर माझं अक्षर पाहून दचकली असशील. रोज फोनवर कान खाणारी बहीण पत्र कशाला लिहिते, असं वाटणारच. सगळे जिवंत आहेत, वेळेवर जेवतायत. आधी एवढं वाच आणि मग बूड टेकून बस. घाईघाईत लिहितेय, तेव्हा कोंबडीचे पाय उमटलेत तिथे अंदाजाने वाच.

गेल्या आठवड्यात गॅरेजात एक गाडी आली, दातांच्या डॉक्टरीणबाईंची. म्हणजे त्यांच्या सासऱ्यांची, त्यांच्या तरुणपणातली. गर्द निळी, आणि अंगाने इतकी गोल की सपाट जागा शोधून काढावी लागते. टप म्हणजे उपडं घातलेलं पातेलं, मडगार्ड गालासारखी फुगलेली, दिवे बटाट्यासारखे बाहेर आलेले. रंगावर वर्षानुवर्षं पुसून पुसून पडलेले बारीक ओरखडे होते, उजेडात कोळ्याच्या जाळ्यासारखे दिसणारे. सासरे आता अंथरुणाला खिळलेत, गाडी पॉलिश करून, खिडकीखाली उभी करून त्यांना दाखवायचीय, म्हणाल्या. बाबा असे खुशीत आले, विचारू नकोस. बाहीची गुंडी सोडून लगेच कामाला.

त्यांनी गाडीवरून तळवा फिरवला, घोड्याच्या पाठीवरून फिरवावा तसा, आणि मग पॉलिशच्या मशीनला लावायची स्पंजची गोल पॅड निवडायला बसले. तू त्या पॅडना ‘बाबांचे फेसाचे पापुद्रे’ म्हणून हसायचीस, पण त्यातलं गणित तुला आज कळायला हवं. मोठं पॅड सपाटीवर झपाझप चालतं. फुगीर जागी मात्र त्याची नुसती कडा टेकते आणि तेवढाच रंग खरवडून निघतो. म्हणून टपाच्या मधल्या भागाला मोठं, दारांना मधलं, मडगार्डाच्या वळणाला तळहाताएवढं, आणि आरशाच्या मानेभोवती तर घड्याळाच्या तबकडीएवढं. बाबांनी एकेक पॅड चिमटीत दाबून बाजूला काढलं. एकही चुकलं नाही. पण लहान पॅडचं एक दुखणं असतं. ते थोड्याच जागेत गरगरतं, म्हणून ती जागा पटकन तापते. हात सरकता ठेवायचा, आणि कंपाऊंडचा, म्हणजे त्या घासायच्या मलमाचा, पांढरा पट्टा विरला की पुढे जायचं. तो विरला की नाही, हे बोटांना कळत नाही. तिथे डोळाच लागतो.

मी टपाशी होते, बाबा डाव्या मडगार्डाशी. कोपऱ्यात रेडिओवर नेहमीप्रमाणे कुणीतरी मुलाखत देत होतं. मला जळका वास आला. वळून पाहिलं तर दिव्याच्या वरच्या वळणावरचा निळा रंग पार उडालेला, खालचा राखाडी प्रायमर बशीएवढा उघडा पडलेला, आणि बाबा त्याच जागेवर मशीन फिरवतायत. शांतपणे. चेहऱ्यावर कसलं समाधान! मला म्हणाले, “बघ गं, आरसा झालाय नुसता. भांग पाडून घे त्यात.”

धाकटे, आधी वाटलं, चेष्टा करतायत. पण स्वतःच्या हाताने रंग जाळून बाबा कधी चेष्टा करतील? काहीतरी करून त्यांना थांबवायला हवं होतं, म्हणून मी मशीनची भिंतीतली पिन उपसली आणि म्हणाले, “बाबा, लाईट गेली.” डोक्यावर दोन्ही ट्यूबा लख्ख जळत होत्या. त्यांनी मान वर केली, थेट ट्यूबकडे पाहिलं आणि म्हणाले, “तरीच. मघापासून अंधारल्यासारखं वाटत होतं.”

मी तिथेच स्टूल ओढून बसले. मग त्यांचा चेहरा हळूहळू बदलला. रेडिओवरचा माणूस बोलतच होता ना! आपला रेडिओ विजेवर चालतो, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी मशीन खाली ठेवलं, बोटांनी मडगार्ड चाचपलं, त्या बशीपाशी बोट थांबलं. “किती गेलाय?” एवढंच विचारलं. मी म्हटलं, “थोडासा.” ते म्हणाले, “खोटं तुला पहिल्यापासून बोलता येत नाही.”

बाई गाडी न्यायला आल्या तेव्हा मी पुढे होऊन सांगितलं की माझ्या हातून झालं, मशीन घसरलं. बाबा मागे उभे होते. मला वाटलं, गप्प राहतील. तर म्हणाले, “तिने नाही केलं, मी केलं. मला दिसलं नाही.” गॅरेजात गेल्या कित्येक वर्षांत मी त्यांच्या तोंडून ‘मला जमलं नाही’ ऐकलेलं नाही, आणि हे तर त्याहून वाईट. बाई एक शब्द रागाने बोलल्या नाहीत. गाडी रंगाऱ्याकडे गेली, मडगार्ड पुन्हा निळं झालं, आणि काल ती सासऱ्यांच्या खिडकीखाली उभीही राहिली. पण बाईंनी त्याआधी बाबांना गाडीची फिकीर सोडायला लावली आणि आपल्या ओळखीच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे आम्हाला स्वतः नेलं.

काचबिंदू आहे. डावा डोळा जवळजवळ गेलाय. उजव्याने नळीतून पाहावं तेवढंच दिसतं, आणि तेही धुक्यातलं. जे गेलं ते परत येत नाही. औषधाने उरलेलं टिकवायचं, एवढंच हातात. मी डॉक्टरांना म्हटलं, अहो असं कसं, ते रोज काम करतात, जिने चढतात, मला पाहून हसतात. डॉक्टर म्हणाले की सरावाच्या जागी माणूस बरंच काही निभावून नेतो. मग फाईल मिटता मिटता सहज विचारलं, “गाडी तर चालवत नाही ना, काका?” बाबा म्हणाले, “छे छे.”

तिथे येताना बाईंच्या गाडीत बसलो होतो, पण त्याच्या आदल्याच रविवारी ते आईला घेऊन बाजारात गेले होते. स्वतः चालवत.

घरी येऊन आईला सांगितलं. कसं सांगू, कसं सांगू, असं करत सांगितलं, आणि ती कपडे घड्या करत म्हणाली, “ठाऊक आहे मला.” तिला वर्षभर ठाऊक होतं. ज्या आईला कोपऱ्यावरच्या दुकानात जायचा कंटाळा, ती हल्ली बाबांबरोबर जिथेतिथे जाते. म्हातारपणी प्रेम उतू चाललंय म्हणून आपण दोघी खिदळायचो, आठवतं? ती शेजारच्या सीटवर बसून बोलत असते. पुढे सिग्नल लाल आहे, डावीकडून सायकल येतेय, आता थांबा, आता वळा. मी ओरडले तिच्यावर, आयुष्यात पहिल्यांदा. ती रडली नाही. म्हणाली, “त्यांनी किल्ली खाली ठेवली असती तर त्याच दिवशी ते अंथरूण धरून बसले असते. मी होते ना बरोबर.” मला राग येतो, कीव येते, आणि मग परत अंगावर काटा येतो.

आता हे पत्र का, ते सांगते. बाबांनी मला शपथ घातलीय की तुला तोंडाने काही सांगायचं नाही. म्हणून लिहितेय. आईचा पाय मुरगळलाय, डॉक्टरांनी हलायचं नाही म्हणून बजावलंय. आणि शनिवारी बाबा सुट्टीसाठी चिमणीला आणायला तुझ्याकडे निघालेत. गाडीने, एकटे. घाट उतरून. येताना तुझी लेक शेजारी बसलेली असेल. मी किल्ली मागितली तर त्यांनी ती खिशात घातली आणि दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. माझं ते ऐकणार नाहीत, तुझं ऐकतील, पण फोनवर नाही. फोनवर ते हसून वेळ मारून नेतील. तेव्हा तू चिमणीला घेऊन शुक्रवारीच बसने निघून ये. न कळवता ये. नात घरात आली की त्यांना निघायला कारणच उरणार नाही, आणि मग आपण तिघी मिळून त्यांच्याशी बोलू. एक कर, दारातून आत पाऊल टाकायच्या आधी ‘बाबा’ म्हणून मोठ्याने हाक मार. आवाज आला की ते बरोबर तुझ्याकडे वळून हसतील, आणि मग तूसुद्धा हस. अगदी त्यांना दिसतंय असं समजून.

वाट बघणारी, तुझीच,
ताई