हलकी की हवेची?

नगर,
मंगळवार, दुपार

प्रिय अजिनाथ,

खिशात मोबाईल असताना गहिन्याला पत्र लिहायची अवदसा कुठून आठवली, असं म्हणून तू आधी हसशील आणि मग रेश्मावहिनींना हाक मारून पाकीट दाखवशील. दाखवू नकोस बाबा. आधी एकट्याने वाच, मग वाटलं तर त्यांना दे. परवा तुझा फोन आला तेव्हापासून तीन वेळा मेसेज लिहिला आणि पुसला. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, आणि समोर आलास तर माझी जीभ टाळ्याला चिकटेल. म्हणून जेवणाच्या सुट्टीत प्रयोगशाळेत एकटाच बसून लिहितोय. टेबलावर शेतकऱ्यांनी तपासायला दिलेल्या मातीच्या पिशव्या आहेत, त्यांतल्या दोन बाजूला सारून वहीपुरती जागा केलीय. आज स्पीड पोस्टाने टाकलं तर गुरुवारी-शुक्रवारी तुला श्रीरामपूरला मिळेल. शनिवारच्या आत मिळायलाच हवं, कारण सायकलवाल्या करणने दुकानात त्या दोन्ही सायकली तुझ्यासाठी शनिवारपर्यंतच धरून ठेवल्यात. शनिवारी तू त्यातली एक उचलणार आणि रविवारी, अकरा महिन्यांनी, पुन्हा माझ्यामागे करंजी घाट उतरणार. तू हे एवढ्या आनंदात सांगितलंस आणि इकडे माझी पाचावर धारण बसली. मला भीती वाटतेय, अज्या. सायकलीची नाही, त्या रविवारची.

आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर देतो, नाहीतर म्हणशील गहिन्याने फाटे फोडले. हलकी की हवेची? नावं तूच ठेवलेली. हलकी म्हणजे ती चढाची, बारीक नळ्यांची, दोन बोटांवर उचलली जाणारी. हवेची म्हणजे चपट्या नळ्यांची, खोल रिमांची, वारा कापत जाणारी. तू फोनवर विचारलंस आणि मी पटकन ‘हलकी घे’ म्हणालो. ते खोटं होतं. दोघींत किलोभराचा फरक. तू, सायकल, पाण्याच्या बाटल्या असं सगळं मिळून नव्वद किलो भरतं. त्यातला एक किलो गेला तर अख्खा घाट चढताना दहा-पंधरा सेकंद वाचतील. तेवढ्यात माथ्यावरच्या टपरीत बायडाबाईच्या चहाला उकळीसुद्धा फुटत नाही. आणि सायकलीचा एक किलो उतरवण्याआधी पोटावरचे सहा उतरव, ते फुकटात होतं. आपण काही शर्यतीतली पोरं नाही, सत्तेचाळिशीची, साखर वाढलेली माणसं. आता तू राहतोस श्रीरामपूरला. राहुरीपासून तुझ्याकडे सगळा सपाट रस्ता, दोन्ही अंगांना ऊस आणि समोरून वारं. समोरचं वारं हाच तुझा चढ. पंचवीसच्या वेगाने रोज तासभर एकट्याने चालवणाऱ्याला हवेचीच कामाची. फक्त तुझ्या खुब्यात ऑपरेशनची धातूची पट्टी आहे, तेव्हा हँडल दोन बोटं वर घ्यायला करणला सांग, घेण्याआधी अर्धा तास तिच्यावर बसून बघ, आणि पुढची रिम हवं तर कमी खोल लावून घे. हे सगळं मला परवाही ठाऊक होतं. तरी तोंडातून ‘हलकी’ आलं.

तुला आठवतं, आपण दोघांनी एकाच आठवड्यात सायकल घेतली होती? साखरेचे रिपोर्ट सुद्धा एकाच आठवड्यात आले होते म्हणा. ग्रुपमधली पोरं म्हणायची, दोन नाथ निघालेत, बाकीचे मागून येतायत. आपल्याला कुणी शिकवणारं नव्हतं, म्हणून खुणा मी ठरवल्या, त्याही आमच्या वडलांच्या, दादांच्या. आमचं गाव मिरजगाव, दादा साखर कारखान्याचा ट्रॅक्टर चालवायचे. ट्रॉलीला ना दिवा, ना मागचं दिसायला आरसा, सगळा कारभार हातावर. पंजा मागे उघडा धरला की थांब. हात मागून पुढे झोकला की ये, रस्ता मोकळा आहे. त्याच खुणा मी आपल्याला लावल्या आणि वर नियमही केला, की उतारावर पुढच्याचा हात सुटला तर तो फक्त खुणेसाठी. नाकावर माशी बसली तरी हँडल सोडायचं नाही. केवढा मास्तरपणा करायचो मी! आणि तू हसून म्हणायचास, गहिन्या, तू हात झोकलास की मी डोळे झाकून येणार. परवा फोन ठेवताना तू पुन्हा तेच वाक्य म्हणालास. मी ‘हो’ म्हणालो.

आणखी एक सांगून टाकतो. मी तुला दर रविवारी घाटाचा फोटो पाठवतो ना? नीट बघ ते सगळे. एकूण एक फोटो घाटमाथ्यावरचा आहे. खालचा एकही नाही. तुझ्या अपघातापासून मी तो घाट उतरलेलोच नाही. माथ्यापर्यंत जातो, बायडाबाईच्या टपरीवर चहा घेतो आणि उलटा फिरतो. एकदा प्रयत्न केला होता, दिवाळीनंतर. पहिल्या वळणावर मागून कुणाच्या तरी सायकलची चेन वाजली आणि माझे हात हँडलला असे चिकटले की ब्रेकही दाबता येईना. कसाबसा कडेच्या मातीत घुसलो. तो मागचा पोरगा थांबून विचारतोय, काका बरं वाटत नाही का, आणि मी त्याला सांगतोय, तू जा रे बाबा पुढं, माझ्यामागे राहू नकोस. तुला मात्र संध्याकाळी फोनवर सांगितलं, मस्त उतरलो, पन्नासचा वेग लागला.

त्या दिवसातलं तुला बायडाबाईच्या चहापर्यंतचंच आठवतं. पुढचं डॉक्टर म्हणाले कधी आठवणारही नाही. म्हणून पुढचं सगळं तुला मी सांगितलेलं आहे, आणि तू ते स्वतःच्या आठवणीसारखं लोकांना सांगतोस. चैत्र होता. ऊसतोडीला गेलेल्या टोळ्या गावाकडे परतत होत्या. आपण घाट उतरायला लागलो तेव्हा पुढे ट्रॅक्टर होता, मागे दोन ट्रॉल्या, त्यावर खोपटाचे बांबू, भांडी, कोंबड्यांची खुराडी आणि सगळ्यांत वर माणसं. लहानपणी अशा टोळ्या परतायला लागल्या की आम्ही पोरं मिरजगावच्या रस्त्यावर जाऊन उभी राहायचो. सहा महिने परमुलखात राबून आलेली माणसं ती. ट्रॉली जवळ आली की आम्ही ओरडायचो, चला चला, आलं घर! वरच्या बायाही हसून हात करायच्या. दादांचा ट्रॅक्टर त्यांच्यातच असायचा, त्यामुळे मला तर दिवाळीपेक्षा तो दिवस मोठा वाटायचा. असो. मी ट्रॉल्या ओलांडून पुढे गेलो, तू मागून बाहेर निघालास, समोरून दुधाची पिकअप वर येत होती. मला फक्त आवाज आला.

दवाखान्यात सगळे मलाच विचारत होते, कारण तुझ्याबरोबर होतो तो मी एकटा. तू आत, डोक्याला टाके, गळपट्टीचं हाड मोडलेलं, खुब्याचा चुरा. रेश्मावहिनींनी माझा शर्ट धरून विचारलं, भाऊजी, असं कसं झालं हो? आणि मी म्हणालो, खिंडीतून आडवं वारं आलं, खोल रिमांची सायकल, वाऱ्याने ओढली बाहेर. तोंडातून निघालं ते निघालं. ऐकायलाही खरं वाटलं, कारण खोल रिमा आडव्या वाऱ्याला ओढतात हे तर खरंच. मग तेच सगळ्यांच्या तोंडी झालं. वहिनींनी तुला महिनोन्‌महिने ऐकवलं, साधी सायकल होती ना चांगली, हवेची हौस कशाला? धनश्रीने बापाच्या त्या रिमा भंगारवाल्याला देऊन टाकल्या. पोर माझ्यासमोर रडली, म्हणाली, काका, मीच पप्पांना म्हणाले होते की ही दिसायला भारी आहे, हीच घ्या. मी तिच्या डोक्यावरून नुसता हात फिरवला. आणि तू, तीन ऑपरेशनं झालेला माणूस, मलाच म्हणालास, तुझं ऐकून साधी ठेवली असती तर बरं झालं असतं, माझीच चूक. अज्या, त्या दिवशी तुझ्या खाटेशी बसून मी तुझ्या चुकीवर मान हलवली.

परवा सकाळी तुझा फोन ठेवून माथ्यावर गेलो आणि बायडाबाईला सांगितलं, अजिनाथ पुढच्या रविवारी येतोय, हलकी सायकल घेतोय, वाऱ्याने पुन्हा ओढायला नको. चहा गाळता गाळता ती थांबली. म्हणाली, “वारं? त्या दिशी कसलं वारं हुतं रं? पान हालत न्हवतं. माझ्या चुलीचा धूर सरळ वर चालला हुता, म्या सोता बघितलं न्हाई व्हय!” आणि कप माझ्यापुढे ठेवून माझ्याकडे बघत राहिली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं. चहा तसाच टाकून उठलो. येत्या रविवारी तू त्याच बाकावर बसशील, तीच बायडाबाई तुला चहा देईल आणि तेच बोलेल. खरं सांगू? आधी मी तिच्या भीतीनेच लिहायला बसलो होतो. पण लिहिता लिहिता कळतंय की तिची भीती काहीच नाही. ती काही न बोलली तर काय, याची जास्त भीती आहे. ती गप्प राहिली, तू चहा संपवलास, हेल्मेट घातलंस आणि म्हणालास, चल गहिन्या, हो पुढे!

तर ऐक आता. त्या दिवशी वारं नव्हतं. तुझी सायकल सरळ चालली होती आणि तूही चुकला नाहीस. मी पुढच्या ट्रॉलीच्या बरोबरीला होतो. वर गाठोड्यांवर एक म्हातारी बसली होती, मांडीवर कोंबडीचं खुराडं. ती मला बघून ओरडली, “घराकडं चाललो रं बाबा!” आणि मला मिरजगाव आठवलं, दादा आठवले, आणि मी उजवा हात सोडून मागून पुढे झोकला. चला चला, आलं घर, तेवढ्यासाठी. खूण नव्हती रे ती. पण मागून तुला हातच दिसला, आणि तू आलास, डोळे झाकून, म्हणाला होतास तसा. दुसऱ्या क्षणी मला वळणावर पिकअप दिसली, मी ट्रॅक्टरच्या पुढे घुसून वाचलो. पंजा मागे उघडायला वेळ नव्हता, किंवा असेल, मी तो वापरला नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, ते मी केलं आणि भोगलंस तू. एवढं कळवायलाच हे पत्र आहे, सायकलीचं निमित्त. सायकल हवेचीच घे, तिच्यावर माझं खापर नको. धनश्रीला सांग, तिने निवडलेली चांगलीच होती. वहिनींना काय सांगायचं ते तू ठरव, नाहीतर मी येऊन सांगतो, त्यांनी दारातून हाकललं तरी. आणि माझ्यामागे तू पुन्हा कधीच राहायचं नाहीस. रविवारी सात वाजता मी बायडाबाईच्या टपरीवर उभा असेन. आलास तर घाट तू पुढे उतर, मी मागून येईन, दोन्ही हात हँडलवर ठेवून, जमेल तसा. नाही आलास तरी समजेन. फक्त एक कर, लांबून मला हात करू नकोस. तो ‘ये’ म्हणून आहे की ‘थांब’ म्हणून, ते मला कळणार नाही. नुसता जवळ येऊन उभा राहा.

अजून म्हणू देणार असशील तर,
तुझाच
गहिन्या