लाल ट्रकवाला

१ जानेवारी, सकाळी ७
नवीन वर्ष, नवीन वही. चिरंजीवांनी स्वतःचा जुना टॅब्लेट दिला. म्हणाला, नाना, स्कूटर विसरा, यावर गेम खेळा. बोटांना व्यायाम, डोक्यालाही. स्कूटरची चावी त्याच्या कपाटात आहे. कारण काय, तर गेल्या महिन्यात मी आमच्या गेटच्या खांबाला धडकलो. मी धडकलो नाही. खांब रस्त्याकडे झुकलेला आहे, कुणीही ओळंबा लावून बघावा. त्याची अट: मोतीबिंदूचं ऑपरेशन करा, मग चावी. मला मोतीबिंदू नाही. चौतीस वर्षं बस चालवलेला माणूस आहे मी.
संकल्प: १) वर्षभर गेम खेळून नजर आणि हात तयार असल्याचं सिद्ध करणे. २) डिसेंबरात लायसन्स संपतं, त्याआधी चावी मिळवणे. ३) वर्षअखेर आवडत्या गेमांची क्रमवारी लिहिणे. ४) चहात साखर अर्धा चमचा.

४ जानेवारी
टॅब्लेट चार्जिंगला लावला की गरम होतो. कुठेतरी एकाचा फुटला म्हणे. शेजारी ओलं फडकं आणि पाण्याची बादली ठेवली. सूनबाई बादलीत पाय घालून आत आली. मलाच बोलणी. सावधगिरीची या घरात किंमत नाही.

११ जानेवारी
गोळ्या जुळवायचा गेम. एका रंगाच्या तीन गोळ्या ओळीत आणायच्या. सोपं आहे. पण कंपनीने निळा आणि जांभळा एकाच डब्यातून काढलेले दिसतात. पोरखेळ. सोडला.
साखर दीड चमचा. थंडी आहे.

२ फेब्रुवारी
शेतीचा गेम. कोबी लावला. दर चार तासांनी पाणी घालायचं असतं. जबाबदारीचं काम आहे, हलकं घेऊन चालणार नाही.

९ फेब्रुवारी
कोबीच्या काळजीने दुपारची झोप गेली. नाडी मोजली, ब्याऐंशी. ही म्हणाली, अहो, कुंडीतली खरीखुरी झाडं वाळली तुमची, त्यांना कधी घालणार पाणी? म्हटलं, ती इथेच आहेत, कुठे पळून जात नाहीत. कोबीचं तसं नाही.

१७ फेब्रुवारी
कोबी गेला. गाय उरली आहे. गेम म्हणतो, गाय विका. ओळख नसलेल्या माणसाला गाय कशी देणार? गेम बंद केला. गाय आत आहे. तिच्याबद्दल विचार न करण्याचा प्रयत्न करतो आहे.

२६ फेब्रुवारी
सोंगट्यांचा गेम, परक्या माणसांशी. मी जिंकत आलो तसं समोरच्याने रडणारं तोंड पाठवलं. घाबरलो. घरी एकटाच असेल, काही बरंवाईट करून घेतलं तर? मुद्दाम हरलो. त्याने लगेच नाचणारा माणूस पाठवला. दुसऱ्या डावातही रडला. पुन्हा हरलो. असे अकरा डाव. माणुसकीला धरून खेळल्यास हा गेम जिंकता येत नाही.

५ मार्च, सकाळी ६.१०
सापडला! बस चालवायचा गेम. टॅब्लेट दोन्ही हातांत धरायचा, स्टीअरिंगसारखा वळवायचा. डेपो, स्टॉप, चढणारे पॅसेंजर, सगळं आहे. हिला म्हटलं, बघ, आता यांना कळेल. ही कणीक मळत होती. म्हणाली, आधी चष्मा पुसा.

८ मार्च
पहिली लेव्हल पार होत नाही. वेळ संपतो. गेम म्हणतो चार मिनिटांत फेरी. मी इंजिन गरम होऊ देतो, आरसे बघतो, म्हाताऱ्या बाईला बसू देतो. सर्व्हिसचे नियम आहेत. ज्याने हा गेम बनवला, तो कधी ड्युटीवर गेला नसावा.

९ मार्च
आज चौदा अपघात. पैकी नऊ रस्त्याच्या चुकीने. वळणं आधी दिसत नाहीत, एकदम पुढ्यात येतात. चौदाव्याला ओरडलो. प्रेशर एकशे सत्तर. हिने टॅब्लेट काढून घेतला. म्हणाली, काच किती मळली आहे, पुसून देते. स्वयंपाकघरात चष्मा लावून बराच वेळ पुसत बसली होती.

१० मार्च
अपघात शून्य! पहिली लेव्हल पार, दुसरीही पार. काच पुसल्याने केवढा फरक. गाडी अशी वळते की लोण्यातून सुरी. हात हाच, नजर हीच, चौतीस वर्षांचा अनुभव अखेर वर आला.
रस्त्यावर एक नवीन लाल ट्रक दिसतो. उजव्या अंगाला, जरा खालच्या बाजूला. मागे पांढऱ्या अक्षरात काहीतरी लिहिलेलं आहे. ट्रकवाले लिहितात तसा एखादा शेर असणार.

१४ मार्च
लाल ट्रकवाला रोज असतो. मी निघालो की निघतो, थांबलो की थांबतो. कधी ओव्हरटेक नाही, कधी कट मारणं नाही. असा ड्रायव्हर आजकाल विरळा. हॉर्न दिला. त्याने दिला नाही. अबोल दिसतो.

२१ मार्च, दुपारी
डबलबेल आला होता. माझ्या बसवर बावीस वर्षं कंडक्टर. शेजारी बसवला, गेम दाखवला. तो कपावर चमच्याने दोनदा टण् टण् करी आणि मी गाडी सोडी. जुने दिवस आले. त्याला विचारलं, अरे हा लाल ट्रकवाला कोण असेल? त्याने टॅब्लेट जवळ घेऊन बघितला. मग हिच्याकडे बघितलं. मग त्याला असा खोकला लागला की पाणी द्यावं लागलं. म्हणाला, ड्रायव्हर, असेल कुणी आपल्या ओळखीचाच. सांभाळून घेतोय तुला.
जाताना म्हणाला, तू डेपोच्या कॅन्टीनमध्ये रिव्हर्स घातली होतीस, आठवतं? त्याची स्मरणशक्ती गेली बिचाऱ्याची. कॅन्टीन पुढे वाढवलं होतं.

१९ एप्रिल
अपघातशून्य एक्केचाळिसावा दिवस. चिरंजीवांना दाखवलं. म्हणाला, नाना, गेम वेगळा, रस्ता वेगळा. म्हटलं, पुरावा समोर आहे. सूनबाई हळूच हसली. आनंदाने असावी.

६ मे
ही म्हणाली, स्कूटर नुसती उभी आहे, मला तरी शिकवा. हे ती वीस वर्षांपूर्वीही म्हणाली होती. तेव्हा सांगितलं तेच आज सांगितलं: आधी नजर तयार लागते. ही म्हणाली, बरं. आणि माझ्या चहातली माशी चमच्याने काढून टाकली. मी मनुका समजलो होतो.
मनुका चहात कशी येईल, हा विचार नंतर आला.

२ जुलै
बैठकीतला बल्ब बदलला. तरी अंधार. दुसरा बदलला. हल्ली मालात दम नाही. वर्तमानपत्रवाल्यांनीही शाई कमी केली आहे. संपादकांना पत्र लिहायला घेतलं. कागदावरच्या रेघासुद्धा छापलेल्या नव्हत्या.

१५ ऑगस्ट
गेमच्या कंपनीनेही रंगात काटकसर सुरू केली. रस्त्यावर धुकं सोडलं आहे. आज समोर काहीच दिसेना, तरी अपघात शून्य. म्हणजे मी आता न बघताही चालवू शकतो. ही गोष्ट किती ड्रायव्हरांना साधली असेल?
लाल ट्रक तेवढा दिसतो. त्याच्या आधाराने जातो.

११ सप्टेंबर
जिन्याची शेवटची पायरी कुणीतरी काढून टाकली आहे. घोटा सुजला. चिरंजीव पाय शेकत बसला. रागावला नाही. त्याचीच भीती वाटली. म्हणाला, नाना, कशाला घाबरता एवढं? वीस मिनिटांचं काम. म्हटलं, कोण घाबरतंय? डोळ्यात सुई घालतात ना पण? तो म्हणाला, झोपून राहायचं फक्त. मी चौतीस वर्षांत दुसऱ्याच्या हातात स्टीअरिंग देऊन झोपलो नाही. हे त्याला सांगितलं नाही. वहीत लिहितो.

८ ऑक्टोबर
डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. ऑपरेशनला नाही, पुरावा द्यायला. टॅब्लेट सोबत नेला. दोनशे बारा दिवस, अपघात शून्य. बाईंनी नीट बघितलं. विचारलं, आजोबा, तुमची बस कुठल्या रंगाची? म्हटलं, खाकी. त्या म्हणाल्या, पांढरी आहे. हिला विचारलं. ही खिडकीबाहेर बघत म्हणाली, पांढरी आहे हो. पहिल्यापासून.
दोनशे बारा दिवस मी दुसऱ्याची बस चालवत होतो की काय?

९ ऑक्टोबर
तारीख घेतली. चावीसाठी घेतली. दुसरं कारण नाही.

३ नोव्हेंबर
उजवा डोळा झाला. हे दुसऱ्या दिवशी लिहितो आहे, तारीख मात्र खरी. आत जाताना हिला सांगितलं, मला काही झालं तर गेममधली गाय सोडून दे. ही म्हणाली, ती मार्चमध्येच सोडली, तुम्ही जा आता. मला काही झालं नाही. नर्स म्हणाली, एवढे प्रश्न आजवर कुणी विचारले नव्हते. स्तुती होती.
एक महिना टॅब्लेट बंद.

१२ नोव्हेंबर
ऑपरेशननंतरचा काळा चष्मा उतरला. भिंत पिवळी नाही, पांढरी आहे. जिन्याची पायरी परत बसवली आहे. हिच्या कपाळावर एक बारीक व्रण दिसला. विचारलं, कधी लागलं? म्हणाली, लग्नाआधीचा आहे. मग हसत सुटली.

९ डिसेंबर, संध्याकाळी
लायसन्स ऑफिसात डोळ्यांची तपासणी पास. शेवटची ओळसुद्धा वाचली, न विचारता. चिरंजीवाने घरी येताच चावी हातात ठेवली. शब्दाचा पक्का. म्हटलं, उद्या सकाळी काढतो. आज आधी बस. महिनाभर गाडी उभी होती, लाल ट्रकवाला वाट बघत असेल.
गेम उघडला. सगळं लख्ख. पांढरी बस, हिरवी झाडं, पॅसेंजरांना नाकंसुद्धा आहेत.
उजव्या कोपऱ्यात लाल ट्रक नव्हता. ट्रकच्या जागी एक लाल बटण होतं. त्यावर पांढऱ्या अक्षरात लिहिलं होतं: स्टीअरिंग व ब्रेक आपोआप.
दोनदा वाचलं. मी सातवी पास आहे, पण एवढं कळतं. टॅब्लेट मांडीवर ठेवला आणि हात वर केले. बस डावीकडे वळली, स्टॉपवर थांबली, म्हातारीला घेतलं, निघाली.
हिला हाक मारली. हिने पदराला हात पुसले. म्हणाली, तुमचं प्रेशर एकशे सत्तर झालं होतं हो. मग काय करणार होते? मी हात पुन्हा टॅब्लेटवर ठेवले. थोड्या वेळाने ती जवळ येऊन बसली. म्हणाली, हॉर्न मात्र सगळे तुमचेच होते.

१० डिसेंबर, सकाळी ७
ही उठायच्या आत बटण बंद करून बघितलं. अकरा सेकंद. बस तिकीट खिडकीतून आत. पुन्हा नऊ सेकंद. डोळा चांगला असून. नवीन डोळ्याची सवय नसावी.
मग स्कूटर काढली. गेटपाशी आलो आणि थांबलो. खांबावर निळे ओरखडे. आमची स्कूटर निळी आहे. सगळे एकाच उंचीवर, पायाच्या फळीच्या. सात मोजले. एक फार जुना, त्याच्यावर रंगाचा हात फिरलेला. तो रंग मीच दिला होता.
समोर बांधकाम चालू आहे. गवंड्याकडून ओळंबा मागून आणला. खांबाला लावला. हलला, हलला, थांबला.
खांब सरळ आहे.
गवंडी म्हणाला, आजोबा, काय बघता? म्हटलं, काही नाही, काम चांगलं केलंय कुणीतरी.
स्कूटर ढकलत आत नेली. चावी हिच्या हातात दिली. ही म्हणाली, माझी नजर तयार आहे का? म्हटलं, माझी तयार व्हायला वर्ष गेलं, तुझं बघू.

३१ डिसेंबर, सकाळी ११
हिला शिकाऊ लायसन्स मिळालं. शिकवलं चिरंजीवाने. मी सूचना दिल्या. दोघांनी मला पायरीवर बसून त्या द्यायला सांगितलं.
ठरल्याप्रमाणे वर्षातले आवडते गेम: तिसरा, गोळ्यांचा. रंग खरोखर वेगवेगळे आहेत. दुसरा, सोंगट्यांचा. काल रडणाऱ्याला हरवलं. दिवसभर वाईट वाटलं. पहिला, बसचा. बटण बंद ठेवून आजवरचा विक्रम सतरा सेकंद. मग बटण लावतो. तो येतो, आपल्या जागी, उजव्या अंगाला. मी हॉर्न देतो.
दुपारी २. आज चिरंजीवाने हिच्यामागे मला बसवलं, तो स्वतः गेटपाशी उभा राहिला. हिने लाल हेल्मेट घातलं होतं. मागून पांढरी अक्षरं दिसत होती, वाचत बसलो नाही. गेट आलं. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा खांब मागे पडला होता. मी हात लांब करून हॉर्न द्यायला गेलो, हिने हातावर चापट मारली.
चौकापर्यंत जाऊन परत.
आम्ही खांब चुकवला. अपघात शून्य.